हत्तीसाठी माळा

११ फेब्रुवारी

लेकानं आज भंगारवाल्याला फोन लावला. मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. ऐकू आलं — "ओतीव लोखंड आहे, जड आहे, माणसं जास्त आणा." हातातलं भांडं तसंच टाकून बाहेर आले. म्हटलं, फोन ठेव. ठेवला त्यानं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, ती खोली मला रोज दिसते. तुला दिसत नाही का?"

दिसते. म्हणून तर!

सून गेली तेव्हा दोन बॅगा घेऊन गेली. मागच्या खोलीत तिचं पुस्तकबांधणीचं सगळं सामान आहे तसंच आहे. "बाकीचं नंतर बघते, आई," म्हणाली. नंतर म्हणजे कधी, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं.

खोलीच्या मधोमध हत्ती उभा आहे. शिवलेली पुस्तकं दाबून ठेवायचं यंत्र — वर चाक, मधे जाडजूड स्क्रू, खाली लोखंडी पाट. ते घरात आलं त्या दिवशी ह्यांनीच त्याचं नाव हत्ती ठेवलं. "आता ह्याला खायला काय घालायचं?" असं विचारलं होतं ह्यांनी. ती लगेच म्हणाली, "पुस्तकं, बाबा." तेव्हापासून ह्यांच्यासाठी ती बाइंडरबाई.

१२ फेब्रुवारी

रात्रभर नीट डोळा लागला नाही, पण सकाळी उत्तर घेऊनच उठले. माळा!

मागच्या खोलीवर छपराखाली एवढी मोठी जागा आहे. पण जमीन नाही. नुसत्या आडव्या तुळया, आणि त्यांना खालून ठोकलेले छताचे पातळ पत्रे. तुळईवरून पाय घसरला की माणूस थेट खाली. हे एकदा पाण्याची गळती शोधायला चढले होते. आम्ही खाली चहा पीत होतो. छतातून आधी चप्पल आली, मग पाय, मग ह्यांचा आवाज — "कुणी हसायचं नाही." बाइंडरबाई तोंडात पदराचा बोळा कोंबून बाहेर पळाली होती. पदर माझा!

लेकाला म्हटलं, वर चांगली भक्कम जमीन करून घेऊ. सगळं वर ठेवू. खोली तुझी.

तो म्हणाला, "म्हणजे न टाकता टाकायचं."

असू दे, म्हटलं.

ह्यांनी मोजपट्टी शोधायला घेतली. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ह्यांना मोजायला काही मिळालं की तब्येत सुधारते.

१५ फेब्रुवारी

सुतार येऊन गेला. बरोबर त्याचा मेहुणा. सुतार त्याला 'पाहुणे' म्हणतो. "पाहुणे, शिडी धरा. पाहुणे, धरा म्हणजे हातानं धरा, नजरेनं नाही." मेहुणाही काही कमी नाही. मला म्हणाला, "दाजी घरी माझ्या बहिणीचं ऐकतात ना, ते सगळं इथं माझ्यावर काढतात."

सुतारानं विचारलं, वर काय ठेवणार? पुढे स्वतःच म्हणाला की लोक सांगतात जुन्या बॅगा, आणि मग वर चढवतात आख्खा संसार.

त्याला मागच्या खोलीत नेऊन हत्ती दाखवला.

त्यानं हत्तीला एक प्रदक्षिणा घातली. चाकाला हात लावला. "ताई," म्हणाला, "ह्याला माळा कशाला, ह्याला पूल पाहिजे."

बांधा, म्हटलं.

हे माझ्याकडे बघत होते. सुतार गेल्यावर हळूच म्हणाले, "अगं, बॅगांपुरती जमीन केली आणि हत्ती खाली कोपऱ्यात झाकून ठेवला, तरी चाललं असतं." नाही चालणार. लेकाचा स्वभाव मला माहीत आहे. डोळ्यांसमोर राहिलं की एखाद्या दिवशी माझ्या मागे तो फोन पुन्हा लावेल. आणि ती घ्यायला आली, आणि हत्ती नसला, तर ती ह्या घरात परत कशासाठी येईल?

एवढंच आहे माझं गणित. कागदावर लिहिलं की वेडेपणा वाटतो. पण सामान इथं आहे तोवर तिची पायवाट इथं आहे.

१६ फेब्रुवारी

लेक जेवताना एक शब्द बोलला नाही. ताटाकडे बघत जेवला. मीठ कमी होतं. तेही बोलला नाही.

२० फेब्रुवारी

काम ठरलं. ह्यांनी आणि सुतारानं ओसरीत बसून वाद घालून ठरवलं. जुन्या तुळया दोन-दोन फुटांवर आहेत. प्रत्येक दोन तुळयांच्या मधे एक नवी टाकायची. वर आडव्या जाड फळ्या, खिळ्यांनी नाही, स्क्रूनं — खिळे सैल होतात आणि चाललं की कुरकुरतात. आणि हत्ती मधे नाही, भिंतीलगत उभा करायचा. तिथं तुळयांची टोकं भिंतीत बसलेली, भार सरळ भिंत घेते.

चढायला एका कोपऱ्यात झडप. सुतार म्हणत होता मोठी ठेवू. ह्यांनी लहान करायला लावली, मोठी झडप म्हणजे धूळ, उंदीर. मी म्हटलं, फळ्यांत जोड नको, जमीन अखंड हवी. प्रत्येकानं आपापलं शहाणपण वापरलं. सुतार म्हणाला, "ठीक आहे, घर तुमचं."

हत्ती कसा चढवायचा, तेवढाच सगळ्यांना घोर. सुतारानंच सुचवलं: आधी छताचे पत्रे काढू, नव्या तुळया घालण्याआधीच हत्तीला जुन्या दोन तुळयांच्या मधून सरळ वर ओढून घेऊ. मग तुळया, मग फळ्या.

सगळ्यांना पटलं. हे तर सुताराची पाठ थोपटून आले.

२४ फेब्रुवारी

हत्ती चढला!

आढ्याला टेकू देऊन कप्पी बांधली. साखळी ओढायला सुतार, मेहुणा आणि शेजारचे दोघे. लेक घरात होता, मी बोलावलं नाही. हत्ती जमिनीवरून उचलला गेला आणि हलकेच गोल फिरला. इतकी वर्षं जागचा न हललेला, हवेत असा निराधार. मला बघवेना.

अर्ध्यावर अडकला. वरचा स्क्रू इतका वर आलेला होता की चाक आढ्याला टेकलं. मेहुणा म्हणाला, "हत्ती गेला आणि शेपूट राहिलं." सगळे हसले, पण साखळी कुणी ढिली सोडली नाही.

तेवढ्यात लेक आतून आला. शिडीवर चढला, चाकाला दोन्ही हातांनी धरलं आणि उजवीकडे फिरवलं. स्क्रू खाली गेला, चाक सुटलं. कुणीही त्याला सांगितलं नव्हतं कुठल्या बाजूला फिरवायचं. ती काम करायची तेव्हा हा दारात उभा राहून फोनवर बोलत असायचा, मला वाटायचं ह्याचं लक्षच नाही.

खाली उतरला. हात काळे झाले होते ग्रीसनं. बराच वेळ बेसिनशी उभा होता.

२ मार्च

नव्या तुळया बसल्या. दिवसभर ठोकाठोक. लाकडाचा वास आख्ख्या घरात.

कॉन्व्हेंटमध्ये शुक्रवारी शिवणकामाचा तास असायचा. सिस्टर आधी कापड उलटं करूनच बघायच्या. समोरची बाजू लोकांसाठी, मागची देवासाठी, असं म्हणायच्या आणि मागं एक गाठ दिसली तरी सगळं उसवायला लावायच्या. मी खूप रडायचे. त्या उसवण्याचा उपयोग म्हातारपणी होईल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

सून लग्न होऊन आली तेव्हा मला तिच्या कामातलं काही कळत नव्हतं. एकदा तिला ताप होता आणि कुणाचं तरी काम द्यायचं होतं. मी म्हटलं, दाखव, मी शिवते. घडी घातलेल्या कागदांच्या मधून मेणाचा दोरा, आत, बाहेर, पुढच्या घडीत. तिनं माझी शिवण उलटून पाहिली — अगदी सिस्टरसारखी! — आणि म्हणाली, "आई, तुम्ही इतकी वर्षं कुठं होतात?"

त्यानंतर दुपारी आम्ही दोघी तिथंच. ती कापायची, डिंक लावायची, मी शिवायचे. बोलणं फार नाही. तिला बोलत काम जमायचं नाही. मला मुलगी नाही, पण असती तरी दुपारी अशी गप्प बसली असती का, कोण जाणे.

४ मार्च

तिला फोन केला. सामान वर ठेवतोय, ओल लागणार नाही, काळजी करू नकोस, असं सांगितलं.

म्हणाली, "कशाला एवढं केलंत, आई?"

जागा होती म्हणून, म्हटलं.

मग धीर करून विचारलं, जे आजवर विचारलं नव्हतं. असं झालं तरी काय गं तुमच्यात? म्हणाली, "काही झालं नाही, आई. काहीच होत नव्हतं. तेच." आणि मग माझ्या गुडघ्यांची चौकशी केली.

९ मार्च

फळ्या झाल्या. सुतारानं वर उड्या मारून दाखवल्या. मेहुण्यालाही मारायला लावल्या. खाली एक कण पडला नाही. "ताई, इतकं पक्कं काम मी स्वतःच्या घरी नाही केलं," म्हणाला. मेहुणा म्हणाला, ते खरं आहे, बहिणीच्या घरचा माळा अजून हलतो.

छताचे पत्रे पुन्हा ठोकले. मागची खोली रिकामी. हाक मारली तर आवाज फिरून येतो.

१३ मार्च

लेकाचं टेबल त्या खोलीत लावलं. तो तिथं बसत नाही.

१४ मार्च

गेले काही दिवस बाकीचं सामान वर नेतेय. एकेक करून, शिडी चढत. कापडाचे गुंडाळे, दोऱ्याची रिळं, मेणाचा खडा, टोचे, कागदाला घडी घालायची गुळगुळीत पट्टी. हे खाली शिडी धरून उभे असतात आणि दर पायरीला "सावकाश" म्हणतात.

आज हे स्वतः वर आले. बघत राहिले. हत्ती भिंतीशी, त्याच्या डावीकडे तिचं लहान स्टूल, उजवीकडे माझी बसायची खुर्ची, मधे लाकडी पाट, पाटावर टोचे ओळीनं. खिडकीसारखी एक काच सुतारानं छपरात बसवून दिली होती, त्या उजेडाला तोंड करून.

"अगं," म्हणाले, "हे ठेवणं नाही. हे मांडणं आहे."

त्यांनी स्टुलावरची धूळ रुमालानं पुसली आणि खाली गेले.

२२ मार्च

दुपारी वर जाऊन बसते. कोरे कागद शिवते. शिवून झालं की उसवते. घरात कुणाला सांगितलेलं नाही, पण हे शिडी काढून ठेवत नाहीत हल्ली.

५ एप्रिल

तिचा फोन! मी धावतच घेतला. आवाज किती दिवसांनी मोकळा होता. जागा मिळाली म्हणाली, खाली दुकान, मागे राहायची खोली. मोठं काम आलंय, एका ग्रंथालयाची जुनी पुस्तकं बांधायची. मला इतका आनंद झाला, मी विचारत सुटले, उजेड आहे का, पाणी आहे का, शेजार कसा आहे.

मग म्हणाली, "आई, हत्ती न्यायला येईन म्हणते. गाडी करून."

ये की, म्हटलं. फोन ठेवला आणि ह्यांना सांगायला गेले, ती येतेय. येतेय, येतेय, करत सगळं घर पालथं घातलं. पुढचा शब्द माझ्या तोंडून बाहेर पडायला पार संध्याकाळ झाली. न्यायला.

६ एप्रिल

हे सकाळी मोजपट्टी घेऊन वर गेले. खाली आले आणि मोजपट्टी हातातच धरून बसले.

झडप लहान. हत्ती तिच्यातून निघत नाही. तुळयांच्या मधून उतरवायचा तर आता प्रत्येक मधल्या जागेत नवी तुळई आहे. ज्या वाटेनं चढवला ती वाट आम्हीच भक्कम करून बुजवली.

सुताराला बोलावलं. तो वर जाऊन आला, कपाळावर हात मारला. "वर न्यायचा कसा ह्यातच सगळे अडकलो. हा उतरवायचाही आहे, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही." मेहुणा काही विनोद करणार होता, माझं तोंड बघून शिडीकडे वळला.

सुतार म्हणाला, काढायचा तर वरची जमीन फोडायची आणि मधली एक नवी तुळई कापायची. परत जोडली तरी आधीची ताकद यायची नाही.

७ एप्रिल

हे म्हणाले, "सांग तिला, निघत नाही. खोटं कुठं आहे त्यात?"

खरंच. खोटं नव्हतं! दिवसभर मनात मांडत होते. हत्ती निघत नाही, मग तिला इथंच यावं लागेल. काम मोठं आहे, रोज यावं लागेल. दुपारी. वर जागा आहे, स्टूल आहे, उजेड आहे. लेक संध्याकाळी घरी येईल तेव्हा ती निघायच्या बेतात असेल. दारात भेटतील. कधी पाऊस असेल, कधी उशीर होईल, कधी म्हणेन, जेवूनच जा.

इतकं सगळं मी भाजी निवडता निवडता रचलं.

८ एप्रिल

फोन केला. सांगितलं, असं असं झालंय, निघत नाही.

ती लगेच म्हणाली, "राहू दे मग, आई. तोडू बिडू नका काही. इतक्या हौसेनं केलंत. मी बघते दुसरं कुठं मिळतंय का."

भांडली असती तर मीही भांडले असते. हट्ट केला असता तर मीही केला असता. पण तिनं सोडून दिलं. इतकं पटकन! ह्या घरात तिनं असंच एकेक सोडून दिलं असणार — आधी बोलणं, मग रुसणं, मग वाट बघणं — आणि आम्हाला वाटत राहिलं, काय समजूतदार मुलगी आहे.

फोन ठेवून लेकाकडे गेले. त्याला सगळं सांगितलं. तो खिडकीतून बाहेर बघत होता. म्हणाला, "दुसरं नाही मिळायचं तिला. तसलं आता कुणी करत नाही." मग थोड्या वेळानं, "काप, आई."

१२ एप्रिल

सुतार करवत घेऊन आला. पहिली फळी काढताना स्क्रू निघेनात, इतके घट्ट बसलेले. स्वतःलाच शिव्या देत होता. तुळईवर करवत ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. "ताई, खाली जाता का?"

नाही, म्हटलं. मी इथंच.

लाकूड नवं होतं. भुसा ओलसर, पिवळा. माझ्या पावलांवर पडत होता.

१४ एप्रिल

ती आली. बारीक झालीय. केस कापलेत, चांगले दिसतात. लेक घरीच थांबला, मी थांब म्हटलं नव्हतं.

हत्ती उतरताना दोघं दोन बाजूंनी उभे होते, हात लावून. "सावकाश." "हो." "तुझ्याकडे झुकतोय." "धरलाय." एवढं बोलले. किती महिन्यांनी त्यांचं एवढं बोलणं मी ऐकलं! ह्यांनी मला कोपरानं खुणावलं, बघू नकोस म्हणून. हे स्वतः बघत होते.

हत्ती गाडीत चढल्यावर ती म्हणाली, वर बघून येऊ? आम्ही दोघी चढलो. तिनं ते सगळं मांडलेलं पाहिलं. स्टूल, खुर्ची, ओळीनं टोचे. मधे ते भोक, त्यातून खालची रिकामी खोली दिसत होती. ती स्टुलावर बसली. मी खुर्चीवर बसले. कुणीच काही बोललं नाही, आमचं नेहमीचंच होतं ते.

मग म्हणाली, "हे पण नेऊ ना?" ने, म्हटलं. मीच बांधून दिलं सगळं, तिला गाठी घट्ट मारता येत नाहीत. खुर्ची तेवढी राहिली. ती माझी.

निघताना वाकली, तर मी वाकू दिलं नाही, जवळ घेतलं. खांदे अगदी हाडं झालेत. म्हणाली, "दुकान लागलं की या एकदा. बघायला."

येते, म्हटलं. येईनच! दूर नाही फार. दुपारी जाऊन संध्याकाळी परत येता येईल. सुई तर माझ्याकडेच आहे, ती न्यायची विसरली की मी द्यायची विसरले, देव जाणे. आज बऱ्याच दिवसांनी मला भूक लागली.

२९ एप्रिल

लेकानं सांगितलं, घटस्फोटाच्या कागदांवर सह्या झाल्या. दोघांनी जाऊन केल्या, नंतर तिथंच उभ्या उभ्या चहा प्यायले म्हणे.

३ मे

तिचा फोन आला. दुकान लागलं, हत्ती जागेवर बसला, पहिली पुस्तकं दाबात घातली. सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "तुमच्यामुळे झालं हो, काकू."

काकू. लग्नाआधी घरी यायची तेव्हा म्हणायची, तसं. जीभ अडखळली नाही. आधी मनाशी म्हणून पाहिलं असणार, चारदा तरी, मला लागू नये इतक्या हळुवारपणे म्हणता येईपर्यंत.

मी ओ दिली.